इओसिनोफिल वाढले, पुढे काय?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या दिसल्या, की त्यालाच आजार समजून गोळी मागितली जाते. खरे तर ती केवळ खूण आहे. राखणीचे कुत्रे भुंकले, तर आधी दारात कोण आले ते पाहावे.

टक्केवारीपेक्षा एकूण संख्या महत्त्वाची: दर मायक्रोलिटर रक्तात साधारण ५००पर्यंत ठीक, १५००च्या वर राहिल्यास सविस्तर शोध हवा. डॉक्टर दमा, ॲलर्जी, नवी औषधे यांची चौकशी करतात. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत अनवाणी लावणी करणाऱ्यांना आकडीकृमीसाठी (तळपायातून शिरणारा जंत) शौचाची तपासणी सांगतात. एकदा जंत दिसला नाही, तर ती पुन्हा करतात. रात्रीचा कोरडा खोकला आणि ३०००हून अधिक पेशी असल्यास हत्तीरोगाच्या कृमींचा संशय येतो. पेशी कमी करायला घाईने स्टेरॉइड दिले, तर काही जंत त्यामुळे अंगभर पसरू शकतात; म्हणून आधी कारण, मग औषध.