ओघळ की रितेपण?

‘अंगावर पाजलं की छाती उतरते’ हे बाळंतिणीच्या कानावर हमखास पडतं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातील सर्जननी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनपानाचा ओघळण्याशी संबंध आढळला नाही. वय, गरोदरपणांची संख्या, वजन आणि धूम्रपान यांचा मात्र आढळला.

स्तनात स्नायू नसतो. ग्रंथी, चरबी आणि त्यांना त्वचेशी बांधून ठेवणारे तंतू, एवढाच त्याचा आधार. या तंतूंचं वर्णन इंग्लिश सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० मध्ये केलं. गरोदरपणात ग्रंथी वाढते, त्वचा ताणली जाते. पुढे ग्रंथी आटते, पण त्वचा तितकी आवळत नाही. व्यायामाने बळकट होतो तो स्तनामागचा स्नायू. सैल पडलेली त्वचा तशीच राहते.

मग शस्त्रक्रिया करायची तर इम्प्लांट की लिफ्ट? कॅनडातील प्लास्टिक सर्जन पोल रेन्यो यांनी १९७६ मध्ये मांडलेली मोजणी इथे आजही वापरतात: स्तनाखालच्या घडीच्या तुलनेत स्तनाग्र कुठे आहे? घडीच्या पातळीला असेल तर ओघळ सौम्य, खाली गेलं असेल तर अधिक.

स्तनाग्र जागेवर आहे, फक्त वरचा भाग रिता झालाय, अशा वेळी इम्प्लांटने ती पोकळी भरते आणि थोडा उचललेपणाही दिसतो. पण इम्प्लांट भरतं, उचलत नाही. स्तनाग्र घडीखाली उतरलेलं असताना नुसतं इम्प्लांट घातलं, तर सैल त्वचेवर आणखी भार पडतो. लिफ्टमध्ये जादा त्वचा काढून स्तनाग्र वर नेतात. आकारमान त्याने वाढत नाही आणि व्रण कायमचे राहतात.

मला विचाराल तर इम्प्लांटची खरी किंमत पुढे कळते. १९६२ मध्ये ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं गेलं, पण आजही ते जन्मभर टिकणारं साधन मानलं जात नाही. भोवतीचं आवरण आकसून कडक होऊ शकतं, इम्प्लांट फाटूही शकतं, आणि ते फाटल्याचं बाईला जाणवेलच असं नाही. म्हणून अमेरिकेची औषध नियामक संस्था पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने करायला सांगते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मिळ लिम्फोमाशी संबंध दिसल्याने २०१९ मध्ये ती बाजारातून परत घेतली गेली. तिशीतल्या बाईने दुसऱ्या शस्त्रक्रियेचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडायला हवा.

आणखी मूल हवं असेल, तर दोन्ही शस्त्रक्रिया थांबू शकतात. पुढच्या गरोदरपणात त्वचा पुन्हा ताणली जाणारच आहे. आणि सौम्य ओघळ हा आजार नाही. काहीच न करणं हाही पर्याय डॉक्टरांनी त्याच बैठकीत, तितक्याच गांभीर्याने सांगायला हवा.