आधी तिकीट जपून ठेवा

विमान अपघातात माणूस गमावलेल्या घरातून वकिलाकडे कोणी आलं, तर जाणता वकील सर्वांत आधी तिकीट मागतो. घरच्यांना ते विचित्र वाटतं. त्यांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात: चूक कोणाची, इंजिन का बंद पडलं, वैमानिकाने काय केलं. पण कायद्याच्या दृष्टीने तिकीट हा करार आहे. तो कुठून कुठपर्यंतचा होता, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेलं एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान मेघाणीनगरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. जमिनीवरचे १९ धरून मृतांचा आकडा २६० वर गेला. चालकदलातले बरेच जण मुंबई, पनवेल, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यातले होते, त्यामुळे हा अपघात महाराष्ट्राच्याही घराघरांत शिरला. प्रवासी, कर्मचारी आणि जमिनीवरचे लोक असे तिन्ही प्रकारचे बळी त्यात होते आणि तिघांच्या कुटुंबांचे कायदेशीर रस्ते निरनिराळे आहेत. नाशिकच्या एखाद्या कुटुंबावर अशी वेळ आली तर रस्ता कसा असेल, हे या अपघाताच्या आधाराने समजून घेता येतं.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि आपल्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो आला. देशांतर्गत प्रवासाला त्याच कायद्याखालची वेगळी अधिसूचना आहे. आता समजा, नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला जाणाऱ्या विमानात दोघे शेजारी बसले आहेत. एक दिल्लीलाच उतरणार आहे. दुसऱ्याने नाशिक ते लंडन असं एकच तिकीट काढलंय आणि दिल्लीला तो फक्त विमान बदलणार आहे. या पहिल्याच टप्प्यात अपघात झाला, तर पहिल्याचा प्रवास देशांतर्गत धरला जाईल आणि दुसऱ्याचा आंतरराष्ट्रीय, कारण त्याचा सगळा प्रवास एकसंध मानला जातो. विमान एक, रांग एक, कायद्याचं माप मात्र वेगळं. म्हणून ई-तिकिटाची प्रत, बोर्डिंग पासचा फोटो, बुकिंगचा ईमेल, एजंटाची पावती यांतलं काहीही पुसू नये. मृताचा फोन आणि ईमेल खातं बंद करण्याची घाईही करू नये.

या कायद्याचा गाभा दोन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर ठराविक रकमेपर्यंत विमान कंपनीला ‘आमची चूक नव्हती’ असं म्हणून जबाबदारी टाळताच येत नाही. अपघातात प्रवाशाचा मृत्यू झाला, एवढं पुरतं. ही रक्कम एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एककात मोजतात. करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर आहे, म्हणजे २०२५ च्या मध्याच्या दराने साधारण १ कोटी ८० लाख रुपये. अपघाताच्या तारखेला भारताच्या अनुसूचीत कोणता आकडा अधिसूचित होता, हे वकिलाने राजपत्रात पडताळायला हवं. देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या अधिसूचनेने ही पहिली पायरी २० लाखांवर ठेवली. आंतरराष्ट्रीय प्रवासात मर्यादेच्या वरचा दावाही करता येतो. तो टाळायचा असेल तर आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा दोष केवळ दुसऱ्या कोणाचा होता, हे कंपनीने सिद्ध करायचं. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातांमुळे नाशिककरांना मोटार अपघात न्यायाधिकरण चांगलं माहीत आहे. तिथे बहुतेक दाव्यांत समोरच्या चालकाची चूक दावेदाराला दाखवावी लागते. इथे ते ओझं बरंचसं उलट्या बाजूला आहे.

चौकशी अहवालाची वाट पाहत बसायचं नाही, ते यामुळेच. विमान अपघात तपास विभागाने अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक अहवाल महिनाभरात दिला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले, असं त्यात नोंदवलं आहे. त्यावरून वाहिन्यांवर बरंच रण माजलं. पण या तपासाचा हेतूच पुढचे अपघात टाळणं हा असतो. दोष ठरवणं किंवा भरपाई ठरवणं हे त्याचं काम नव्हे, असं नियमांतच म्हटलं आहे. उलट हक्क बजावायला मुदत आहे ती दोनच वर्षांची. विमान जिथे पोचायचं होतं तिथे ते ज्या दिवशी पोचायला हवं होतं, त्या दिवसापासून ती मोजतात. ही मुदत साधीसुधी नाही. एरवी अनेक अर्जांत, अपिलांत उशीर झाला तर कारण सांगून न्यायालयाकडे माफी मागता येते. इथे दोन वर्षांनी हक्कच संपतो.

मर्यादेपर्यंतची रक्कम सगळ्यांना आपोआप मिळते, हा मोठा गैरसमज आहे. २२ मे २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ जण गेले. त्यानंतर केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी प्रत्येक मृताच्या कुटुंबाला किमान एक लाख एसडीआर द्यावेत, असं म्हटलं होतं. खंडपीठाने ते मान्य केलं नाही. नुकसान किती झालं ते दाखवा, तेवढी भरपाई, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या बाजूला, त्याच अपघातात गेलेल्या एका वरिष्ठ व्यवस्थापकाच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ७ कोटी ६४ लाखांहून अधिक रक्कम ९ टक्के व्याजासह मंजूर केली. तो सगळा वाद फिरला पगाराच्या पावतीभोवती. कोणता भत्ता उत्पन्नात धरायचा आणि कोणता वगळायचा, यावरच खल झाला.

हिशेब कसा होतो? आपली न्यायालयं मोटार अपघाताच्या दाव्यांतून रुळलेलं सूत्र इथेही वापरतात. समजा, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात कायम नोकरीत असलेला ३८ वर्षांचा अभियंता. कर वजा जाता वर्षाला ९ लाख हाती. चाळिशीच्या आतला आणि कायम नोकरीतला म्हणून भविष्यातल्या वाढीचे ५० टक्के मिळवायचे, साडेतेरा लाख झाले. बायको, दोन मुलं आणि आई असे चौघे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १० लाख साडेबारा हजार. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५. उत्तर येतं १ कोटी ५१ लाख ८७ हजार ५००, त्यावर अंत्यविधी, वारसाहक्कावरचं नुकसान वगैरेंच्या ठरीव रकमा.

नोकरदाराचं हे सोपं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागाईतदाराचं काय? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र बहुधा नसतं. शिवाय समोरचा वकील म्हणतो, माणूस गेला पण जमीन तर घरातच आहे ना! न्यायालयांनी हा मुद्दा बऱ्याच अंशी मानलाही आहे. जमिनीचं सगळं उत्पन्न बुडालं असं न धरता, बाग बघणाऱ्या माणसाच्या देखरेखीचं आणि कष्टाचं मोल धरतात. मग छाटणी-फवारणीचे निर्णय कोण घेत होतं, निर्यातदाराशी व्यवहार कोण करत होतं, आता त्या कामाला माणूस ठेवला तर किती द्यावे लागतात, हे दाखवावं लागतं. सातबारा आणि पीकपाहणी आहेच. त्यासोबत निर्यातदाराची बिलं, पिंपळगावच्या बाजार समितीच्या पट्ट्या, सोसायटीचं कर्जखातं, औषधांच्या दुकानाची उधारी हे सगळं जमवायचं. हे कागद जितके बोलके, तितका दावा मजबूत.

आता वारसांचे कागद. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. अहमदाबादेतल्या मृत्यूचा दाखला नाशिक महापालिका देऊ शकत नाही. डीएनए जुळवून मृतदेह ताब्यात दिला असेल, तर त्या अहवालाची आणि ताबापावतीची प्रत घ्यावी. नावाची स्पेलिंगं पासपोर्ट, आधार आणि मृत्यूदाखल्यावर एकसारखी आहेत का, हे तिथेच तपासावं. नंतर दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यात खेटे घालावे लागतात. तलाठ्याने फेरफारात केलेली वारसनोंद जमिनीपुरती. बँका आणि कंपन्या न्यायालयाचा दाखला मागतात: १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखालचा वारस दाखला किंवा १९२५ च्या कायद्याखालचा उत्तराधिकार दाखला. दोन्हींचा उपयोग वेगळा, म्हणून कोणत्या कामाला कोणता, हे विचारूनच अर्ज करावा.

हवाई वाहतूक कायद्याच्या पाचव्या कलमात मात्र कुटुंबाची स्वतंत्र यादी आहे. नवरा किंवा बायको, आईवडील, सावत्र आईवडील, आजीआजोबा, भाऊबहीण, मुलं, सावत्र मुलं, नातवंडं. सासूसासरे त्यात नाहीत. सून गेली तर तिचा नवरा, मुलं आणि माहेरचे आईवडील यादीत येतात. ती ज्यांना सांभाळत होती ते म्हातारे सासूसासरे येत नाहीत. मला हे अन्यायकारक वाटतं, पण कायदा असा आहे. त्याच कलमात आणखी एक अट आहे. एका प्रवाशाच्या मृत्यूबद्दल भारतात एकच दावा चालतो, तो सगळ्यांच्या वतीने, आणि वाटणी न्यायालय करतं. सासर-माहेरच्यांनी वेगवेगळे वकील करून वेगवेगळ्या दिशांना धावण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. तेराव्याच्या आसपास घरात नाजूक बोलणी निघतात, तेव्हाच हे कोणीतरी सांगायला हवं. अज्ञान मुलांचा हिस्सा न्यायालय बहुधा मुदत ठेवीत टाकतं. त्याला विरोध करू नये.

पैशाचा पहिला हप्ता बहुतेक वेळा न्यायालयाबाहेरून येतो. अहमदाबाद अपघातानंतर टाटा समूहाने प्रत्येक मृतामागे १ कोटी रुपये जाहीर केले आणि एअर इंडियाने २५ लाखांची अंतरिम रक्कम. करारानुसार आगाऊ रक्कम देणं म्हणजे जबाबदारी मान्य करणं नव्हे, आणि ती पुढच्या भरपाईतून वजा होऊ शकते. जाहीर केलेली मदत वजा होणारी आहे की वेगळी, हे लेखी विचारावं. पैसे घेण्यात कमीपणा नाही. धोका असतो तो सहीत. ‘पूर्ण व अंतिम’ अशा अर्थाचं वाक्य असलेल्या कागदावर सल्ल्याशिवाय सही करू नये. अवलंबून कोण, उत्पन्न किती, हे विचारणारे फॉर्मही वकिलाला दाखवूनच भरावेत. अहमदाबादनंतर काही ब्रिटिश वकिलांनी अशा प्रश्नावलीवर आक्षेप घेतला होता. कंपनीने आरोप नाकारले. खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी घाईत लिहिलेला आकडा पुढे दाव्यात समोर येतो. आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी, क्रेडिट कार्डावरचा अपघात विमा यांच्यासाठी वेगळे अर्ज करायचे. कार्डाच्या विम्याची कळवण्याची मुदत फार थोडी असते.

दावा कुठे करायचा, इथे तिकीट पुन्हा हाती घ्यावं लागतं. कंपनीचं मुख्यालय, तिचा मुख्य व्यवसाय, तिकीट विकणारं तिचं कार्यालय आणि प्रवासाचं अंतिम ठिकाण, या चारपैकी काहीही ज्या देशात असेल तिथे दावा चालतो. जाऊन-येऊन तिकीट मुंबई-लंडन-मुंबई असेल तर अंतिम ठिकाण मुंबई. फक्त जाण्याचं असेल तर लंडन. पाचवा पर्याय माँट्रियल कराराने नव्याने दिला: मृत प्रवाशाचं कायमचं घर ज्या देशात होतं तो देश, कंपनीची सेवा तिथे असेल तर. त्यामुळे नाशिकच्या माणसाचा दावा भारतात चालणार हे नक्की. भारतातही दोन दारं आहेत, दिवाणी न्यायालय आणि ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाची पातळी मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. विमानाचं तिकीट काही हजारांचं, म्हणजे कोट्यवधींची मागणीही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवता येते, आणि तक्रारदार राहतो तिथेच. साक्षीपुरावा फार गुंतागुंतीचा झाला तर आयोग दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो, हे लक्षात घेऊनच दार निवडावं.

अमेरिकेचं दार मोहात पाडतं. तिथे विमान किंवा सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीवर सदोष उत्पादनाचा दावा करता येतो. अहमदाबादच्या चार मृतांच्या कुटुंबांनी सप्टेंबर २०२५ मध्ये डेलावेअरमध्ये बोइंग आणि हनीवेलविरुद्ध असा दावा दाखल केला. पण ‘तुमच्या देशात जा’ असं म्हणून ती न्यायालयं दावा परत पाठवू शकतात. आणि दावा चालला तरी यश येईलच असं नाही: १ जानेवारी १९७८ ला मुंबईच्या वांद्र्यासमोर समुद्रात पडलेल्या ‘सम्राट अशोक’ विमानाचा, त्यातल्या २१३ मृतांचा, दावा सिएटलमध्ये चालला आणि १९८५ मध्ये फेटाळला गेला. तिथले वकील बहुधा मिळालेल्या रकमेत टक्केवारी घेतात. आपल्याकडे वकिलाने असा हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे, आणि दाराशी येऊन काम मागणंही. म्हणून अंत्यविधी उरकायच्या आत मुखत्यारपत्राचा कागद पुढे करणाऱ्या दलालाला उंबरठ्यावरूनच परत पाठवावं. भारतातला न्यायही झटपट असतो असं नाही. १९ ऑक्टोबर १९८८ ला मुंबईहून अहमदाबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान कोसळून १३३ जण गेले. त्या भरपाईचा निकाल गुजरात उच्च न्यायालयातून आला तो २००९ मध्ये.

चालकदलाला प्रवाशांचा करार लागू नाही. त्यांच्या घरच्यांनी नोकरीतल्या अपघाताच्या भरपाईचा कायदा, नेमणूकपत्र आणि कंपनीचा गटविमा बघायचा. जमिनीवर मेलेल्यांकडे तर तिकीटच नसतं. त्यांच्या कुटुंबासाठी १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आणि निष्काळजीपणाचा दिवाणी दावा आहे. तिथे चूक दाखवावी लागते, आणि मुदत इथेही दोनच वर्षांची. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना असल्याने हा प्रश्न नाशिकला परका नाही. ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शेतात सुखोई कोसळलं. दोन्ही वैमानिक वाचले. लष्करी विमानाला हवाई वाहतुकीचा हा कायदा लागत नाही. तिथे महसूल खात्याचा पंचनामा हाच पहिला पुरावा, म्हणून नुकसान झालेल्याने पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा.

वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सामूहिक आपत्तीत सापडलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे. नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक. अर्ज साध्या कागदावर चालतो. वकील मंजूर झाला की न्यायालयीन शुल्क आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्चही मदतीत मागता येतो. विमान अपघाताचे दावे जिल्ह्यात रोज येत नाहीत, म्हणून नेमलेल्या वकिलाला हवाई वाहतूक कायद्याची तिसरी अनुसूची, तिकिटाची प्रत आणि दोन वर्षांची शेवटची तारीख पहिल्याच भेटीत लिहून द्यावी.