सात दिवसांतला पहिला

सकाळी ७.४०
वसतिगृहाच्या रेक्टरांचा फोन. पहिल्या वर्षाचा अक्कलकोटकडचा मुलगा रात्री न सांगता गावी गेलाय, बॅग खोलीतच आहे. आमच्या कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीत मी आहे आणि प्रवेश संपले की असा एखादा फोन ठरलेलाच. रेक्टरांना म्हटलं, खोलीतल्या मुलांची उलटतपासणी घेऊ नका आणि मुलाच्या घरी चढ्या आवाजात बोलू नका.

९.३०
तास. नंतर जिन्याजवळचा फलक पाहिला. यूजीसीच्या हेल्पलाइनवर (१८००-१८०-५५२२) कुणीतरी फ्रेशर्स पार्टीचं पोस्टर चिकटवलं होतं. काढून बाजूला लावलं.

११.४५
वडील मुलाला घेऊन एसटीने आले. मुलगा बराच वेळ बोलेना. मग तुकड्या-तुकड्यांत कळलं. रोज रात्री मेसमध्ये 'इंट्रो'. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. "काय बे, कन्नडमध्ये सांग की!" आणि मग हशा. सीनिअरांची जर्नल्स रात्री जागून लिहायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर अकराला हजेरी. ग्रुप सोडला तर कुणी बोलायचं नाही.

"मारलं नाही मॅडम. मग हे रॅगिंग नाही ना?"

आहे. यूजीसीने २००९च्या नियमांत २०१६ साली जी भर घातली, तिच्यात भाषा, गाव, जात, रंगरूप, घरची परिस्थिती यांवरून छळणं आणि वाळीत टाकणंही रॅगिंगच धरलंय. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात ऐकू येणाऱ्या सोलापुरात कानडी हेलावर हसणारे हे कोण लागून गेले, असं माझ्या मनात आलं. ते मनातच ठेवलं.

वडिलांचा सूर वेगळा. "आमचं काय म्हणणं नाय ओ मॅडम. खोली बदलून द्या, बास. वर्ष वाया जाऊ नये पोराचं." बहुतेक तक्रारी इथंच विरतात. त्यांची भीती खोटी नाही. पोराला तिथंच राहायचंय. म्हणून कायदा साध्या शब्दांत सांगितला. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९चा. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. गुन्हा ठरला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. संस्थाप्रमुख नुसते बसून राहिले तर त्यांनीच चिथावणी दिली असं धरतात. "तुम्ही लिहून दिलंत की मुदत आमच्या मानगुटीवर बसते." हे वाक्य त्यांना पटलं. आणि खोली बदलायचीच तर सीनिअर बदलतील, हा नाही, असंही मी सांगून टाकलं.

मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलं. मी फक्त विचारत गेले: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं, नेमके शब्द कोणते, शेजारी कोण होतं? शुद्धलेखनाला हात लावला नाही. ग्रुपचे स्क्रीनशॉट जोडले. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती वडिलांच्या खिशात ठेवायला लावली.

२.१५
प्राचार्यांच्या केबिनमध्ये माफीनाम्याचा विषय निघाला. निघतोच. "पोरं आहेत, लिहून घेऊ, मिटवू." मला माफीनामा हा प्रकार अजिबात मान्य नाही. तो दोषींना मोकळं करतो आणि तक्रार करणाऱ्याला त्याच मेसमध्ये परत पाठवतो. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने २२ मे २०१९ रोजी जीव दिला. सीनिअर जातीवरून छळतात हे आपण आधीच कानावर घातलं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. हे बोलल्यावर केबिनमध्ये कुणी माफीनाम्याचं नाव काढलं नाही. गुन्हा दिसत असेल तर एफआयआरला चोवीस तासच मिळतात, हेही प्राचार्यांना सांगितलं.

४.००
समिती बसली. पालक आणि पोलीस प्रतिनिधीही आले. सीनिअरांना एकेकटं बोलावलं, मुलाला त्यांच्यासमोर बसवलं नाही. एकजण म्हणाला, "आमचंही असंच घेतलं होतं." तो बहुधा खरंच बोलत होता, पण ते उत्तर नव्हे. सगळ्यात कामाचा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी प्रतिनिधीने विचारला: "ग्रुपचा ॲडमिन कोण?" ज्युनिअरांना छळणारे असे ग्रुपही रॅगिंगमध्ये मोडतात, हे यूजीसीने २०२५मध्ये बजावलंय. ॲडमिन समोरच बसला होता. दोघा सीनिअरांनी आज रात्रीच वसतिगृह सोडायचं ठरलं.

६.३०
मुलगा समुपदेशकांकडे जाऊन आला. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिला. वडील अक्कलकोटच्या गाडीला गेले.

रात्री १०.४५
रॅगिंगविरोधी पथकासोबत वसतिगृहात. अवेळी, न कळवता जायचं हे नियमातच आहे. दोन्ही सीनिअरांच्या खाटा रिकाम्या. मेसच्या आचाऱ्याने खिडकीपलीकडून रोजचा 'इंट्रो' ऐकलेला. साक्ष द्याल का, विचारलं. "देतो की. पण उद्या साडेदहानंतर बोलवा, भाकरी उरकल्याबिगर मला हलता येत नाय."