फिल्मचा वेग व डेव्हलपिंगची वेळ : घरच्या घरी चाचणी



आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. समूहातला. पांढरी साडी लख्ख, चेहरा मात्र काळा डाग. दोष आजीच्या रंगाचा नव्हे, मोजमापाचा आहे. लाईट मीटर समोर येईल ते मध्यम करडे समजतो. पांढरे कपडे घातलेला समूह दिसला की तो एक्सपोजर कमी सुचवितो आणि सावळे चेहरे काळवंडतात.

यावर ब्लॅक अँड व्हाईटचे जुने सूत्र असे : एक्सपोजर गडद भागासाठी, डेव्हलपिंग उजळ भागासाठी. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास या सूत्रावर 'झोन पद्धत' बसविली. तिच्या आधारे दोन चाचण्या करता येतात.

पहिली, वेगाची. डबीवरचा ४०० हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपला कॅमेरा, मीटर व डेव्हलपर वेगळे. सावलीतली एकरंगी भिंत फ्रेमभर घ्यावी. मीटरवर ४००, ३२०, २५०, २०० असा वेग लावून दर वेळी दाखविल्यापेक्षा चार स्टॉप कमी एक्सपोजर द्यावे. एक फ्रेम लेन्सवर झाकण ठेवून कोरी घ्यावी. डेव्हलप केल्यावर कोऱ्या फ्रेमपेक्षा जी पहिल्यांदा किंचित करडी दिसेल, तिचा वेग आपला खरा वेग.

दुसरी, वेळेची. त्या वेगावर तीच भिंत तीन स्टॉप जास्त देऊन अनेकदा घ्यावी. अंधारात फिल्मचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वेळा डेव्हलप करावेत. फिल्मची कोरी कड कागदावर जेमतेम पूर्ण काळी होईल, तेवढाच प्रकाश देऊन सर्वांचे प्रिंट काढावेत. ज्यात भिंत पांढऱ्याच्या किंचित अलीकडे दिसेल, ती वेळ बरोबर. सगळे पांढरेफटक झाले तर वेळ जास्त झाली.

येथे पाण्याची उष्णता विसरू नये. माझी बदली साताऱ्याहून सांगलीला झाली, तेव्हा साताऱ्यात जमलेल्या वेळेने उन्हाळ्यात निगेटिव्ह दाट येऊ लागल्या. कारण नळाचे कोमट पाणी! एचपी५ प्लस फिल्मला डी-७६ एकास एक पातळ केल्यास २० अंशांना ११ मिनिटे लागतात. २४ अंशांना सुमारे ८ पुरतात. म्हणून थर्मामीटर ठेवावा आणि बर्फाच्या परातीत बाटली गार करून चाचणीचेच तापमान राखावे.

आता समूहाचा फोटो. मीटर सावळ्या चेहऱ्याजवळ न्यावा व तेथील आकडाच धरावा. फार तर एक स्टॉप कमी. कपडे डेव्हलपिंगची वेळ सांभाळील.

एक रोल व दोन संध्याकाळी एवढाच खर्च. त्यापायी पुढच्या पिढीला आपल्या आजीचा चेहरा ओळखता येईल.