गिरजाघरातला हर्रास

या पानावर एरवी मी बोंडअळी, बीजप्रक्रिया, तुरीवरचा मर असं काहीबाही लिहीत असतो. आज फवारणीचं बोलणार नाही. मागच्या महिन्यात गावी गेलो, तर आमच्या चर्चमागची जागा मोजायला माणसं आली होती. तिथं उभं राहून जे आठवलं ते सांगतो. वाचणाऱ्यांत सरपंच, तलाठी, पोलीस पाटील असतील, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. त्यांच्या कामाचं आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून ८९४ गावं या पट्ट्यात येतात. विहीर खोदा, पाणी खारं. गावात ख्रिस्ती घरं अकराच. चर्च म्हणजे तरी काय, तर मातीच्या भिंती, वर टिनपत्रे, समोर कडुनिंब आणि त्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तो आमचा घंटा. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला दर्यापुरावरून जायची, तिच्या जुन्या रुळाचा तो तुकडा असं म्हातारे सांगत. गाडी थांबली, तुकडा अजून वाजतो.

पत्र्याच्या कडेला पन्हळ होती आणि पन्हळीखाली बांधीव टाकं. पावसाचं ते गोड पाणी चैत्रापर्यंत पुरवायचं. मग गावातल्या बायका गुंडी-कळशी घेऊन रांगेनं यायच्या. कोण कोणाची, हे कोणी विचारत नसे. छतावरचं पाणी साठवा म्हणून मी आता गावोगाव सांगत हिंडतो. पदविकेला तो धडा होता, पण मी तो आधीच त्या टाक्यावर शिकलो होतो.

आमच्या घराची गोष्ट १८९९ च्या दुष्काळापासून सुरू होते. त्या साली पाऊस आलाच नाही. वऱ्हाडात कापूस गेला, ज्वारीही गेली. पणजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. आई-बाप राहिले नाहीत. अकोल्याला अलायन्स मिशनचं ठाणं होतं, तिथं कोणीतरी त्यांना पोचवलं. वाढले, सुतारकी शिकले आणि गावी परत आले. चर्चची दारं त्यांच्याच हातची. आम्हाला कोणी कोणी 'साहेबाचे लोक' म्हणतं, त्याचं हसू येतं. आजी जन्मभर नऊवारी नेसली, ज्वारीची भाकर अन् झुणका खाल्ला, आणि साहेब कधी पाहिलाही नाही.

आजी दळण काढताना पहिली मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. रविवारी ते मडकं चर्चच्या कोपऱ्यातल्या कणगीत रितं व्हायचं. अकराही घरांची हीच रीत. मी एकदा विचारलं, आपल्यालाच पुरत नाही तर हे कशाला? आजी म्हणाली, "मामाजी उपाशी पोट्टं व्हते, तवा कोणं तरी त्याईले मूठभर देल्ली. थे मूठ फेडा लागते, बाप्पा."

वर्षाचा खरा दिवस म्हणजे कापणीचा सण. नाताळाच्या आधी, ज्वारीची खळी उरकत आलेली, कापसाची वेचणी चालू. शेजारी पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करत, आमची आजी तासाच्या कडेला उभी राहून प्रार्थना करी. मग त्या रविवारी दाराला कणसांची ताटं बांधायची. ज्याच्याकडे जे असेल ते यायचं. कोणाची पायलीभर ज्वारी, कोणाच्या तुरीच्या शेंगा, धोतराच्या सोग्यात बांधलेला कापूस, डांगर, अंडी, एखादी ओरडणारी कोंबडी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, ते त्या दिवशी हमखास येत. भजनाला टाळ-ढोलकी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग अन् कीर्तन रुजवलं, त्यामुळे बाहेरून ऐकणाऱ्याला हरिपाठ चालला असंच वाटावं. खंजिरी आमच्याकडे नव्हती, ती गुरुदेव सेवा मंडळाच्या पोरांकडून मागून आणायची.

उपासना झाली की लिंबाखाली हर्रास. याला मात्र सारा गाव. पाटील यायचे, पिंजारीबाबा यायचे, बुद्धविहाराकडची मंडळी यायची. डांगर एकानं घेतलं की तो ते परत टोपल्यात ठेवी, "पुन्हा बोला!" एकच डांगर तीन-तीनदा विकलं जाई. एका वर्षी एक लिंबू एक्कावन्न रुपयाला गेलं. घेणारे पाटीलच होते, आणि त्यांच्या मळ्यात लिंबाची पाच झाडं होती. पैसा पत्र्याला, दिवाबत्तीला जाई. धान्य कणगीत.

ही कणगी कशासाठी, ते मला चौथीत कळलं. त्या वर्षी बोंडं फुटली अन् पाऊस आला. कापूस सगळा कवडी झाला. कवडी कापसाला काय भाव येणार? बाबांनी एक बैल विकला. मिरगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागले आणि घरात दाणा उरला नाही. आई कणगीकडं जायला तयार नव्हती. म्हणे, लोक काय म्हणतील? आजीनं तिचा हात धरला आणि दुपारच्या वेळी, रस्त्यावर कोणी नसताना, तिला घेऊन गेली. मी पायली धरून मागं. दोन पायल्या ज्वारी मोजली, वहीत लिहिली. नियम एवढाच होता की हंगामात घेतलं तेवढं परत, वर एक मूठ. वही चाळली तर त्यात आमच्या अकरा घरांबाहेरचीही नावं दिसली. आई त्या दिवशी येताना एक शब्द बोलली नाही, पण पुढच्या हर्रासाला आमच्या घरून अडीच पायल्या गेल्या.

ती कणगी आता नाही. ज्वारी गेली, तिच्यासोबत गेली. पाखरं, रानडुकरं, मजुरी आणि भाव, सगळी कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. सोयाबीन घ्या म्हणून सांगणाऱ्यांत मीही होतो, ते नाकारत नाही. पण सोयाबीनची मूठ कोणी मडक्यात टाकत नाही. ते खळ्यावरून थेट अडत्याकडे जातं.

आता त्या मोजणीचं. चर्चच्या मागं आमची माणसं पुरलेली आहेत. पणजोबा तिथं आहेत. २०११ साली भर पावसात आजीलाही तिथंच ठेवलं. सातबाऱ्यावर ती जागा जुन्या मिशनच्या नावानं, शेरा 'पडीक'. दफनभूमीची नोंद कुठंच नाही. कागद पाहणाऱ्याला ती मोकळी जागाच दिसणार, त्याला दोष देत नाही. मी सरकारी नोकर, भांडता येत नाही. चर्चची मृतांची जुनी नोंदवही काढली, तिच्या प्रती अर्जाला जोडल्या. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा सगळ्यात आधी उभे राहिले ते लिंबूवाल्या पाटलांचे चिरंजीव. ठराव झाला. नोंद अजून व्हायची आहे.

तलाठी भाऊ, सरपंच साहेब, आपल्या गावात पुरणारे समाज कोणते आहेत ते एकदा बघा. मुसलमान, लिंगायत, गोसावी, ख्रिस्ती, सगळ्यांचं बघा. वापरातल्या जागेची नोंद सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नसेल तर म्हातारी माणसं हयात आहेत तोवर जबाब घ्या, ठराव करा, अर्ज पुढं पाठवा. लोकांनीही जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. आमचं काम एका वहीवर उभं आहे, आणि ती वही पत्र्याच्या पेटीत वाळवीपासून कशी वाचली हे मलाही नवल आहे.

यंदाही डिसेंबरात हर्रास आहे. बांधावर दोन तास ज्वारी मुद्दाम पेरली होती. पाखरांनी निम्मी खाल्ली. उरली ती आणि एक डांगर आमच्या घरून जाईल.