मुंजा, गुप्तधन आणि कॅमेरा

1973 साली सोलापुरात संध्याकाळची दिवेलागण झाली की आया पोरांना घरात ओढत. गिरणीचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली, तरी गल्लीत खेळणारं पोर एरवी जेवायच्या हाकेपर्यंत बाहेर असे. त्या वर्षी मात्र तसं राहिलं नाही. दुष्काळ होताच. जिल्ह्यातली अर्धी गावं खडी फोडायच्या कामावर होती, आणि त्यात परभणीकडून बातमी आली होती की मानवत नावाच्या गावात बायका-पोरी मारल्या जाताहेत, कुणीतरी पिंपळावरच्या मुंजाला बळी देतंय. मानवत आमच्यापासून लांब. पण पिंपळ आमच्याही बोळाच्या तोंडाशी होता, आणि त्या वयात तेवढं पुरेसं होतं.

आज पन्नास वर्षांनी मागे वळून बघताना वाटतं, मराठी पडद्यावरच्या खऱ्या भयाची सुरुवात त्या बातमीपासून झाली. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात मानवतमध्ये दहा हत्या झाल्या. पाच मुली दहा वर्षांच्या आसपासच्या, चार बायका पस्तिशीच्या आतबाहेरच्या आणि एक दीड वर्षाचं तान्हं लेकरू. शेवटच्या दिवशी एक आई आणि तिच्या दोन लेकी एकदमच गेल्या. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. 1968 मध्ये मुंबईत खुनी रमण राघवचा छडा लावणारे हेच अधिकारी. गुप्तधन मिळावं, त्यावर बसलेला मुंजा प्रसन्न व्हावा, मूल व्हावं, यासाठी हे बळी दिले गेले, असं आरोपपत्रात होतं. प्रत्यक्ष हत्या करणाऱ्यांना शिक्षा झाल्या. ज्या दोघांसाठी हे सगळं झालं असा आरोप होता, ते वरच्या न्यायालयात सुटले.

त्याच दशकात तिकडे अमेरिकेत काय झालं बघा. नोव्हेंबर 1974 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या अ‍ॅमिटीव्हिल गावात एका तरुणानं आपल्याच घरातल्या सहा माणसांना झोपेत गोळ्या घातल्या. वर्षभरानं त्या घरात राहायला आलेलं कुटुंब 28 दिवसांत बाहेर पडलं आणि घर झपाटलेलं आहे असं सांगू लागलं. पुस्तक आलं, 1979 मध्ये सिनेमा आला, पुढे त्या नावाची रांगच लागली. त्या घराच्या खिडक्या जगाला पाठ आहेत. मेलेली सहा माणसं कोण होती, हे कुणी विचारत नाही. भूत पुढे आलं की मेलेलं माणूस मागे पडतं. या जातीच्या सिनेमाचं हे सगळ्यात मोठं पाप आहे असं मला वाटतं.

मराठीनं सुरुवातीला हे पाप केलं नाही, याचा मला अभिमान आहे. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये झपाटलेपणाची उकल शेवटी माणसाच्या मनाशी येऊन थांबते. आणि 1981 मध्ये अमोल पालेकरांनी मानवतवर ‘आक्रीत’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची, मुकुटरावाच्या भूमिकेत स्वतः पालेकर, रुहीच्या भूमिकेत चित्रा पालेकर. तोवर लोकांना ठाऊक असलेला पालेकर म्हणजे बसच्या रांगेत उभा राहणारा, लाजरा, भला कारकून. तोच चेहरा इथे गावचा पैसेवाला होऊन शांतपणे पोरींच्या जिवाचा हिशोब करतो. या सिनेमाचा सगळा भर भुतावर नाही, लोभावर आहे. मुंजा हे निमित्त, पैसा आणि पुरुषाची सत्ता हे कारण. मला अंगावर काटा आणणारा मराठी सिनेमा कुठला असं कुणी विचारलं, तर मी आजही याचंच नाव घेतो.

तो फारसा चालला नाही. थिएटरांत गर्दी खेचली ती रामसे बंधूंनी. 1984 चा ‘पुराना मंदिर’ बघायला गिरणीतली पोरं पाळी संपवून जात आणि रात्री घोळक्यानंच परतत. त्या भयाला माझी हरकत नाही. ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला काळजी वाटते ती ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावणाऱ्यांची. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर 1986 मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ आला, रमण राघववर 1991 मध्ये श्रीराम राघवनचा आणि 2016 मध्ये त्याच नावाचा आधार घेऊन अनुराग कश्यपचा. प्रत्येक वेळी मारणारा ठळक झाला आणि मरणारे धूसर.

या सगळ्यात एक गोष्ट सोलापूरच्या माणसाला जास्त टोचते. मानवतच्या खटल्यात सुटलेल्या त्या दोघांपैकी बाई पारधी समाजातली होती. तेव्हा लोक तिच्या जातीसकट बोलत, जणू जात हाच पुरावा. आमच्या शहरात आजही सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि त्यांना तारेच्या कुंपणाआड आणून बसवलं. त्यांचे हात गिरण्यांना हवेच होते. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कायद्यानं पुसला गेला आणि नेहरूंच्या हातानं कुंपण तुटल्याचं जुनी माणसं अजून सांगतात. माझ्या वर्गात सेटलमेंटमधला एक मुलगा होता. मानवतची बातमी गाजत होती त्या दिवसांत त्याच्या शेजारी कुणी बसेना. तो रोज शेवटच्या बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन बसायचा, कारण बाकावर ठेवलं तर कुणीतरी खाली ढकलायचं. त्याचा मुंजाशी काय संबंध होता? माझीही जागा तेव्हा दुसऱ्या रांगेत सरकली होती, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून 2024 मध्ये सोनी लिव्हवर ‘मानवत मर्डर्स’ आली तेव्हा मी ती धास्तावूनच लावली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचं, आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. कामं उत्तम आहेत, मराठवाड्याची धूळ खरी वाटते. मालिका कुलकर्णींच्या आठवणींवर बेतलेली असल्यानं ती तपासाची गोष्ट होते आणि भुताला डोक्यावर घेत नाही, हे तिचं श्रेय. पण पोरींच्या घरात ती मला हवी तितकी थांबत नाही.

भुताच्याच मार्गानं जाऊनही खरं बोलता येतं, हे विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं दाखवलं. जुलै 2017 मध्ये तो लागला. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि जन्मूच न दिलेल्या पोरींचं वास्तव. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले होते. सिनेमा त्या घटनेवरून काढलेला नव्हता, पण प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. इथलं भूत खोटं असेल, त्याचं कारण खोटं नाही. सोलापूरच्या बाईला उसाचा फड भीतिदायक वाटायला पार्श्वसंगीत लागत नाही.

पडद्याबाहेरही मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. गुप्तधनासाठी अमानुष कृत्य करणं, नरबळी देणं हे त्यात स्वतंत्रपणे गुन्हा म्हणून लिहिलं आहे. मानवतनंतर त्याला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

मानवतवर पुन्हा कुणी सिनेमा काढेल, काढावाही. त्या दिग्दर्शकाला माझी एवढीच विनंती आहे. पिंपळापासून सुरुवात करू नका, वाड्यापासूनही नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या निकालपत्रात त्या दहाही जणांची नावं दिलेली आहेत. आधी ती वाचा.