जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरचा बिघाड : पेटी उघडण्यापूर्वी काय पाहावे?

नाशिक जिल्ह्यात ट्रॅक्टरला वर्षभर विसावा नसतो. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पावसाळ्यात भातखाचरांची चिखलणी, निफाड व दिंडोरीकडे द्राक्षबागांची फवारणी आणि उन्हाळ कांदा निघाला की लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांकडे भरलेल्या ट्रॉल्यांची ये-जा, अशी कामे एकामागून एक चालूच असतात. अशा कामांत काही वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरचा गिअर केव्हातरी जड पडू लागतो, खरखरतो किंवा चालता चालता सुटतो. मग मालक ‘गिअरपेटी गेली’ असे म्हणून मोकळा होतो. परंतु पेटी पूर्ण उघडावयाची म्हणजे ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. त्यात पैसा जातो आणि हंगामाचे मोलाचे दिवसही जातात. पुष्कळदा मूळ दोष पेटीच्या बाहेरच असतो. म्हणून पुढील क्रमाने तपासणी करावी.

पहिली परीक्षा : इंजिन बंद ठेवून

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हातब्रेक ओढावा व चाकांना मागे-पुढे दगड लावावेत. इंजिन बंद असताना क्लच दाबून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहावेत. इंजिन बंद असता गिअर सहज पडतात, पण इंजिन सुरू असता खरखरतात किंवा अडतात, असे आढळल्यास दोष बहुधा क्लचचा समजावा. पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही, असा त्याचा अर्थ होय. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर दांड्याचे सांधे किंवा आतील फोर्क तपासावयास हवेत. मात्र दातासमोर दात आल्यामुळेही गिअर कधी अडतो. अशा वेळी ट्रॅक्टर किंचित पुढे-मागे सरकवून पुन्हा पाहावे.

क्लचच्या पेडलची मोकळी चाल मोजण्यास साधी पट्टी पुरते. पेडल हाताने दाबावे व त्यास जोर लागेपर्यंत ते किती खाली जाते ते पाहावे. बहुतेक ट्रॅक्टरांत ही चाल सुमारे २० ते ३० मिलिमीटर असते. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. चाल फार वाढली तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर खरखरतो. ती फार कमी झाली तर क्लच घसरतो. तेव्हा ओझे ओढताना इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकांचा वेग वाढत नाही व जळका वास येतो. बाजाराबाहेर रांगेत अर्धा क्लच दाबून इंच-इंच सरकणे, किंवा पेडलवर सदैव पाय ठेवून हाकणे, या सवयींनी क्लच प्लेट लवकर झिजते.

दुसरी परीक्षा : तेल

इंजिन बंद करून काही मिनिटांनी, सपाट जागेवर पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. चिखलणीच्या कामात किंवा दांड्याचे रबर फाटले असता पावसात असे घडते. रबर स्वस्त असते. ते आधी बदलावे व मग तेल. तेलात धातूची चकाकणारी कचकच आढळली तर दात किंवा बेअरिंग झिजत आहे, असे ओळखावे व यंत्र चालविणे थांबवावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटी व हायड्रॉलिक उचल यांना एकच तेल असते. त्यामुळे गिअर कुरकुरतो आणि उचलही मंदावते, अशी दोन लक्षणे एकत्र दिसली तर तेलाची पातळी व गाळणी प्रथम पाहावी.

तिसरी परीक्षा : आवाज

इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवरून काढलेला. या स्थितीत घरघर ऐकू येते व क्लच दाबताच थांबते, तर पेटीतील बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचे बेअरिंग झिजले असावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे दात पाहावे लागतील.

सुटणारा गिअर : खरा धोका

गिअर आपोआप सुटतो तेव्हा दांड्याला जागेवर धरणारा छर्रा व त्याची स्प्रिंग सैल झालेली असते, अथवा फोर्क किंवा दात झिजलेले असतात. दांडा हाताने धरून ठेवणे किंवा दोरीने बांधणे हा उपाय नव्हे. राहूड घाटासारख्या उतारावर भरलेली ट्रॉली मागून रेटत असते व पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेथे गिअर सुटला की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. असा ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत ट्रॉलीला जोडूच नये.

आपोआप गिअर बदलणारी जुनी मोटार असल्यास तिलाही हाच न्याय लागू आहे. गिअर उशिरा पडणे किंवा धक्का बसणे या तक्रारीत प्रथम तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. मात्र अशा पुष्कळ गाड्यांत तेल गरम असताना व इंजिन सुरू ठेवून पातळी पाहतात. म्हणून पुस्तिका वाचूनच हात घालावा.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात : कोणता गिअर, यंत्र थंड की गरम, ट्रॉली रिकामी की भरलेली, आणि क्लच दाबता काय फरक पडतो. एवढ्या माहितीवर जाणता मिस्त्री निम्मे निदान करतो व नको ते भाग बदलले जात नाहीत. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरचालकांस एकत्र बोलावून या परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. क्लचची चाल व तेल यांची पाहणी अर्ध्या तासाचे काम आहे; ती कांदा शेतात असतानाच उरकावी, ट्रॉली भरल्यावर नव्हे.